चपटी आणायला पोरगं

महाराष्ट्रात बियर घ्यायला वय लागतं २१, व्हिस्की-रम घ्यायला २५. मत द्यायला १८. मुलाला बोहल्यावर चढायला २१, सरपंच व्हायलाही २१. आमदारकीचा अर्ज भरायला पुन्हा २५.

एकवीस वर्षांचा सरपंच गावातलं दारू दुकान बंद करायचा ठराव ग्रामसभेत मांडू शकतो. तालुक्याच्या वाईन शॉपमधून व्हिस्कीची बाटली मात्र घेऊ शकत नाही. कागदावर तरी घेऊ शकत नाही.

कागद बाजूला ठेवू. नांदेडहून अर्धापूरच्या दिशेने निघा, नाहीतर लातूरहून औशाच्या. अंधार पडला की बऱ्याच धाब्यांच्या मागच्या बाजूला हिरवं नेट लावलेलं दिसतं. नेटच्या आत टेबलं, टेबलांवर शेव-कांदा, पाण्याच्या बाटल्या, प्लास्टिकचे ग्लास आणि भोवती मिसरूड फुटू लागलेली पोरं. वाढणारा वेटर त्यांच्याहून लहान.

वय कोण कुणाला विचारणार?

या धाब्यांना दारूचा परवाना नाही. हे धाबेवाल्याला माहीत आहे, बीट हवालदाराला माहीत आहे, जेवायला सहकुटुंब पुढच्या बाजूला बसणाऱ्या आपल्यालाही माहीत आहे. जिथे दारूच बेकायदा, तिथे वयाचा नियम कुठून लागू व्हायचा? पंचविशीचा कायदा परवाना असलेल्या दुकानापुरता. पोरं बसतात तिथे परवानाच नाही.

बरं, परवाना असलेल्या दुकानात तरी काय होतं?

आपला दारूबंदी कायदा १९४९ सालचा. आधी त्याच्या नावात मुंबई होती, आता महाराष्ट्र आहे. या कायद्याच्या हिशोबाने आपण आजही दारूबंदीच्याच राज्यात राहतो आणि प्यायला परवाना लागतो. एक दिवसाचा परवाना विदेशीसाठी ५ रुपये, देशीसाठी २ रुपये. वर्षाचा १००, आयुष्यभराचा १,०००. परवाना म्हटला की नाव आलं, वय आलं, सही आली. गिऱ्हाईक सज्ञान आहे की नाही, हे कागदावर येण्याची हीच काय ती जागा.

काउंटरवर अशी सही करून बाटली घेतलेला माणूस तुम्ही पाहिला आहे?

बहुतेक ठिकाणी ते पुस्तक दुकानदारच भरतो, विक्रीचा हिशोब जुळवायला. सोळा वर्षांच्या पोराने नेलेली बाटली त्या पुस्तकात कुणातरी मोठ्या माणसाच्या नावावर चढते. पुस्तक तपासायला आलेल्या साहेबाला सगळे आकडे बरोबर सापडतात. पोरगं कुठेच सापडत नाही.

आता पंचवीस या आकड्याचंच बोलू. बिलोलीजवळ येसगीचा मांजरेवरचा पूल ओलांडा. पलीकडे तेलंगणा. तिथे तीच व्हिस्की एकविसाव्या वर्षी कायदेशीर. गोव्यात तर अठराव्या. एका नदीच्या दोन काठांवर एकच पोरगं इकडे गुन्हेगार आणि तिकडे गिऱ्हाईक होतं, तेव्हा पोरांच्या मनात कायद्याचा काय मान राहणार?

नोकरी करणारा, बायको-लेकरू असलेला चोवीस वर्षांचा माणूस या नियमात बसत नाही. आणि नववीतलं पोरगंही बसत नाही. दुकानदाराच्या लेखी दोघंही सारखेच, ‘वयात न बसणारे’. चोवीस वर्षांच्या माणसाला तो नाही म्हणणार नाही, हे उघड आहे. एकदा नियम तिथे मोडला की चौदाच्या लेकरासाठी वेगळा नियम उरत नाही.

माझं मत सरळ आहे. हा आकडा २१ वर आणा आणि अठराच्या खाली एक थेंब विकणाऱ्याला सोडू नका.

अठराखाली विकणाऱ्याला धरायला नवा कायदा करायची गरज नाही. आहे तोच पुरेसा कडक आहे. बालन्याय कायदा, २०१५. कलम ७७ म्हणतं, अठरा वर्षांखालील मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. सवलत फक्त डॉक्टरच्या आदेशाला. थंडी-खोकल्याला लेकराच्या तोंडात चमचाभर ब्रँडी घालणारी घरं आपल्याकडे अजून आहेत. पाजणारी आजी असेल, मायेने पाजत असेल.

आजी डॉक्टर नाही.

पण खरं कलम ७७ च्या पुढचं आहे. ७८ वं. मुलाचा वापर दारू विकायला, पुरवायला, चोरून न्यायला किंवा नुसती वाहून न्यायला केला, तरी शिक्षा तीच. सात वर्षं, एक लाख. वाहून न्यायला, हे शब्द पुन्हा वाचा.

आता आठवडी बाजाराच्या दिवशीचं तालुक्याचं गाव डोळ्यांसमोर आणा. देशीच्या दुकानाची लोखंडी जाळी, जाळीत हात जाईल एवढी खिडकी. समोर चार-पाच माणसं. त्यांच्या कमरेएवढं एक पोरगं शाळेच्या गणवेशातच टाचा उंचावून नोट आत सरकवतं.

‘कुनाचं रं तू?’

‘बापूनं लावून दिलंय, मामा. एक चपटी.’

बापूचं नाव कळल्यावर मामा बाटली वर्तमानपत्रात गुंडाळतो, काळ्या पिशवीत घालतो, उरलेले सुट्टे पैसे पोराच्या तळहातावर ठेवतो. ‘नीट जाय घरी, पाडू नको.’ रांगेतली माणसं बाजूला होऊन लेकराला वाट करून देतात. सगळे चांगले लोक आहेत. कुणी त्याला प्यायला दिलेली नाही. सुट्ट्या पैशांत गोळ्या-बिस्किटं घे, असंही बापाने सांगितलेलं असतं.

जाळीच्या आतला मामा आणि घरी वाट बघणारा बापू, दोघांवरही ७८ कलम लागू शकतं.

हे कलम नांदेड-लातूरच्या किती बापांना माहीत आहे? किती दुकानदारांना? ठाण्यात बसलेल्या किती जमादारांना?

त्या पोराचा दारूशी पहिला संबंध असा येतो. चोरून नव्हे, बिघडलेल्या मित्रांच्या नादाने नव्हे. घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाने विश्वासाने सांगितलेलं काम म्हणून. पाचवीत पिशवी आणली, सातवीत पाणी मिसळून दिलं, नववीत तळाशी राहिलेलं चाखून बघितलं. मग दहावीत ते ‘नादाला लागलं’ म्हणून गावभर बोंब.

नाद लागला केव्हा? नाद लावला कुणी?

हळदीची रात्र घ्या. अंगणात डीजे, मागच्या शेडमध्ये पुरुषमंडळी. नवरदेवाचा मामेभाऊ अकरावीतला. कुणीतरी चुलता खांद्यावर हात टाकतो, ‘घे रे, आता मोठा झालास.’ नाही म्हटलं की सगळी शेड हसते. घेतली की टाळ्या. पोरगं पहाटे उकिरड्याशी ओकतं आणि दुसऱ्या दिवशी वरातीत तो किस्सा म्हणून फिरतो.

तो किस्सा नाही. ती कलम ७७ ची फिर्याद आहे आणि साक्षीदार म्हणून अख्खं वऱ्हाड हजर आहे.

निवडणुकीचा हंगाम तर विचारूच नका. फेरीत झेंडा धरायला, दुचाकीवर घोषणा द्यायला, रात्री बॅनर लावायला मतदार कशाला हवा? मागच्या आळीतली पोरं चालतात. पेट्रोल, गमछा, जेवण आणि जेवणासोबत धाब्यावरची सोय. मतदानाच्या आधी दुकानं बंद ठेवायचा आदेश निघतो, तोवर ही सोय आठवडे चाललेली असते. ज्या पोराला मत द्यायला अजून तीन वर्षं आहेत, त्याला उमेदवाराची बाटली आधी मिळते. त्या उमेदवाराच्या जाहीरनाम्यात तरुणांसाठी वेगळं पान असतं.

आणि मुलगी? एखादी कॉलेजची पोरगी बियर शॉपीबाहेर नुसती उभी दिसू द्या. दहा मोबाईल निघतात, संध्याकाळपर्यंत व्हिडिओ जिल्हाभर. त्याच शॉपीतून तिच्याच वर्गातला पोरगा रोज स्ट्राँग घेऊन जातो. त्याच्याबद्दल काय म्हणतात? ‘वय आहे त्याचं.’

नाही. वय नाही त्याचं. तेवढंच तर कायदा सांगतोय.

आता लातूरला येऊ, कारण इथे प्रश्न सगळ्यात दाट आहे.

परीक्षेच्या तयारीचा ‘लातूर पॅटर्न’ उभा राहिला राजर्षी शाहू आणि दयानंद या महाविद्यालयांच्या वर्गांत, गुणवत्तेच्या हट्टातून. त्याचा अभिमान रास्तच आहे. पण आज आईबाप पोराला लातूरला आणतात ते बहुतेक खासगी क्लाससाठी. उद्योग भवनाचा परिसर म्हणजे ट्यूशन एरिया, रिक्षावाल्यालाही तेवढंच सांगावं लागतं. नांदेडला तेच भाग्यनगर, श्यामनगर, वर्कशॉप कॉर्नरच्या बाजूला. परभणी, हिंगोली, बीड, धाराशिव, यवतमाळकडून पोरं येतात. सोयाबीन विकून फी भरलेली असते, बापाने ट्रंक आणि गादी खोलीवर टाकलेली असते आणि संध्याकाळच्या एसटीने तो परत गेलेला असतो.

पंधरा-सोळा वर्षांचं लेकरू. आयुष्यात पहिल्यांदा एका खोलीत एकटं.

केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, सोळा वर्षांखालच्यांना क्लासला घेऊ नका. आठवी-नववीच्या फाउंडेशन बॅचचे फलक चौकाचौकांत तरीही झळकतात.

या पोरांतली बहुतेक पोरं रात्री दोनपर्यंत वाचत असतात. ती बिघडलेली नाहीत, हे आधी स्पष्ट सांगतो. पण रविवारची टेस्ट बिघडली, मार्कांची यादी पालकांच्या मोबाईलवर गेली, बापाचा फोन येऊन गेला, की त्या रात्री खोलीत काय होतं हे कोण बघतं? शेजारच्या खोलीतला रिपीटर एकोणीस वर्षांचा. त्याच्याकडे ओळखीचा दुकानदार. बारा वाजता कुणाचा तरी वाढदिवस. केक रस्त्यावर, बाकीचं गच्चीवर.

आईबापाला वाटतं क्लासवाले बघतील. क्लासवाल्याला वाटतं हॉस्टेलवाला बघेल. हॉस्टेलवाला म्हणतो, माझं काम खोली भाड्याने देणं. तिघांच्याही हातात महिन्याचा हिशोब असतो. लेकरू कुणाच्याच हातात नसतं.

आणि सरकार? सरकारचं ऐका.

दारू दुकान शाळा-कॉलेजपासून ठरावीक अंतराच्या आत नको, हा नियम तुम्हाला माहीत असेल. अंतर कसं मोजायचं, कुठल्या दारापासून, पायी जायच्या कुठल्या वाटेने, हे सगळं नियमात बारकाईने लिहिलं आहे. देशी दारूच्या १९७३ च्या नियमांत ‘शैक्षणिक संस्था’ कशाला म्हणायचं, हेही लिहिलं आहे. मान्यताप्राप्त शाळा, विद्यापीठाशी संलग्न कॉलेज. आणि शेवटी एक ओळ, खासगी शिकवणी वर्गांचा यात समावेश नाही.

खासगी शिकवणी वर्गांचा यात समावेश नाही!

१९७३ साली ती ओळ चुकीची नसेल. तेव्हा शिकवणी म्हणजे मास्तरांच्या ओसरीवरची दहा पोरं. आज लातूर-नांदेडची बरीच बाजारपेठ क्लासवर चालते, मेस, खोल्या, झेरॉक्स, चहाच्या टपऱ्या सगळं त्यावर. हजारो अल्पवयीन लेकरं ज्या गल्ल्यांत सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंत असतात, त्या गल्ल्या दारू दुकानाच्या नियमापुरत्या शिक्षणाच्या नाहीतच. समोर देशीचं दुकान उघडलं, तर क्लासच्या पोरांसाठी मीटर मोजायला कुणी येणार नाही.

या दोन जिल्ह्यांनी राज्याला चार मुख्यमंत्री दिले. नांदेडने शंकरराव आणि अशोकराव चव्हाण, लातूरने शिवाजीराव पाटील निलंगेकर आणि विलासराव देशमुख. ही ओळ बदलायला मुख्यमंत्रीही लागत नाही. उत्पादन शुल्क खात्याच्या एका अधिसूचनेचं काम आहे.

कोण मागणार ती? क्लासचालकांच्या संघटनांनी कधी मागितली? पालकांनी? फीवाढ झाली की पालक मोर्चा काढतात. दुकानाच्या अंतरासाठी निघालेला मोर्चा मी तरी पाहिला नाही.

उत्पादन शुल्क खात्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. जून २०२५ मध्ये सरकारने विदेशी मद्यावरचं शुल्क वाढवलं, ‘महाराष्ट्र मेड लिकर’ नावाचा नवा प्रकार आणला आणि त्यातून वर्षाला १४,००० कोटींचा जादा महसूल येईल असं सांगितलं. महसुलाचं उद्दिष्ट अधीक्षकापर्यंत लेखी पोचतं, महिन्याला आढावा होतो. अल्पवयीनाला विकताना किती दुकानदार पकडले, याचा असा आढावा कुणी ऐकला आहे?

जे मोजलं जात नाही, त्यासाठी कुणाची बदली होत नाही.

पोलिसांचं म्हणाल, तर १९ मे २०२४ आठवा. पुणे, कल्याणीनगर. सतरा वर्षांचा मुलगा, पोर्शे गाडी, दोन तरुण अभियंते संपले. बाल न्याय मंडळाने काही तासांत जामीन दिला आणि अपघातावर ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला. देश खवळला. ससूनमध्ये रक्ताचा नमुना बदलल्याचं बाहेर आलं, डॉक्टरांना अटक झाली. मुलाच्या बापावर आणि दारू देणाऱ्या पबवाल्यांवर बालन्याय कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. कलम ७७ नावाची गोष्ट आहे, हे मराठवाड्याने तेव्हा टीव्हीवर ऐकलं.

ऐकलं आणि म्हणाला, ‘बड्या बापाची पोरं, दुसरं काय.’

इकडे पोर्शे नाही. इकडे बुलेट आहे, दहावीला चांगले मार्क पडले म्हणून बापाने घेऊन दिलेली. लायसन्स नाही, हेल्मेट नाही. तिघं बसून धाब्यावरून परत येताना उसाच्या ट्रॉलीला मागून धडकतात. ट्रॉलीला मागे दिवा नव्हता हेही खरं. दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर चार ओळी, ‘दुचाकी अपघातात दोघे ठार’. बाटली कुठून आली, कुणी दिली, गाडी कुणी दिली, एकही प्रश्न नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ पासून अल्पवयीनाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे. पण गेलेल्या पोराच्या बापावर गुन्हा कसा दाखल करायचा, म्हणून ठाण्यात सगळे गप्प बसतात.

त्या बापाची दया मलाही येते. ज्याने दारू विकली, त्याची का यावी?

शहरातल्या शिकल्या-सवरल्या घरांत एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. लपवून पिण्यापेक्षा घरात, बापासमोर घेऊ दे, प्रमाणात राहील. परदेशात असंच असतं म्हणे. कुठल्या परदेशात? अमेरिकेने १९८४ मध्ये कायदा केला, जे राज्य वयाची मर्यादा २१ करणार नाही त्याचा महामार्गाचा निधी कापू. सगळी राज्यं सरळ झाली आणि तरुणांचे रस्त्यावरचे मृत्यू घटले. तिकडे नोकरीला गेलेल्या आपल्याच भाच्याला विचारा. मिशा आहेत म्हणून बियर मिळत नाही, ओळखपत्र दाखवावं लागतं.

आपल्याकडे सिम कार्डाला ओळखपत्र लागतं. लॉजच्या खोलीला ओळखपत्र लागतं. क्वार्टरला काय लागतं?

सुट्टे पैसे.

गावातल्या बाया हे सगळं केव्हाच ओळखून आहेत. आडव्या बाटलीसाठी, म्हणजे गावातलं दुकान मतदानाने बंद करण्यासाठी, अर्ज घेऊन तहसीलला चकरा मारतात त्या नवऱ्यासाठी कमी, पोरासाठी जास्त. नवऱ्याचं काय ते झालं, पोरगं तरी वाचावं. पण नियम बघा. २५ टक्के महिला मतदारांच्या सह्या हव्यात, त्या तपासल्या जातात, मग गुप्त मतदान. आडव्या बाटलीला यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं पडली, तरच दुकान बंद. आलेल्या बायांच्या निम्मी नव्हेत, यादीतल्या.

मुखेड-कंधारच्या डोंगरी गावांतून दिवाळीनंतर बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं ऊसतोडीला जातात. त्या काळात मतदान लागलं, की पश्चिम महाराष्ट्रात कोयता चालवणारी बाई इकडे उभ्या बाटलीच्या बाजूने मोजली जाते. ज्या उसाच्या मळीतून दारू होते, तोच ऊस ती तोडत असते. आमदार यापेक्षा कितीतरी कमी टक्के मतांवर निवडून येतो, त्याला यादीतली निम्मी मतं कुणी मागत नाही.

केंद्र सरकारचं कुटुंब आरोग्य सर्वेक्षण दारूचं प्रमाण वयाच्या पंधराव्या वर्षापासून धरतं. महाराष्ट्रात पंधराच्या वरच्या पुरुषांत पिणारे १३.९ टक्के, हा २०१९-२१ चा आकडा. मोजणारे पंधरा वर्षांचाही पिणारा धरून चालतात. जाळीआडच्या मामाला तो माहीत नसेल?

पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ साली सुरू झालं. तेव्हापासून मराठवाड्यातलीही घरं आपली माणसं घेऊन तिकडे जातात. जमीन गेलेली असते, यकृत गेलेलं असतं, बायको माहेरी गेलेली असते. माणूस चाळिशीचा. पहिला घोट कधी घेतलास विचारलं, की उत्तर बरेचदा शाळेच्या वर्षात सापडतं. पंचवीस वर्षांनी उपचार करायची आपली तयारी आहे. पंचवीस वर्षं आधी दुकानदाराला अडवायची नाही.

मागण्या फार नाहीत. प्रत्येक देशी दुकानावर, वाईन शॉपवर, बियर शॉपीवर कलम ७७ आणि ७८ मराठीत, शिक्षेसकट, काउंटरच्या उंचीवर लावा. ‘अठराखालील मुलाच्या हाती बाटली दिल्यास सात वर्षं’, एवढंच वाक्य, लहान पोरालाही वाचता येईल अशा अक्षरात. १९७३ च्या नियमातली शिकवणी वर्गांची ओळ काढा. क्लास आणि हॉस्टेल यांची नोंद एकत्र ठेवा, म्हणजे रात्री पोरगं कुठे आहे हे निदान एका माणसाला सांगता येईल.

आणि एक रात्र धरा. दहावीचा निकाल कोणत्या दिवशी लागणार हे बोर्ड आधी जाहीर करतं. लातूर विभागाचा निकाल म्हणजे लातूर, नांदेड, धाराशिव. त्या संध्याकाळी औसा रोडवर आणि अर्धापूरच्या रस्त्यावर पोरं कुठे जमणार, हे प्रत्येक ठाण्याला पाठ आहे. दोन्ही जिल्ह्यांच्या पोलीस अधीक्षकांनी त्या एका रात्री धाब्यांच्या मागच्या बाजूला गाड्या पाठवाव्यात. पोरांना जीपमध्ये कोंबू नका, मारू नका, त्यांचे फोटो काढू नका. १०९८ या चाइल्डलाइनला कळवा, घरी फोन लावा, आईबाप येईपर्यंत पाणी द्या, बसवून ठेवा. मग धाबेवाल्याला विचारा बाटली कुठून आली, ज्याने पैसे मोजले त्या दादाला पुढे बोलवा, आणि फिर्याद लिहायला घ्या. आरोपीच्या रकान्यात पोराचं नाव नको. तिथे विकणाऱ्याचं आणि पाजणाऱ्याचं नाव, गावासकट.